पेटींतील प्रासाद

जहाजांवरून माल नेण्याच्या पोलादी पेट्या, म्हणजे कंटेनर, रचून श्रीमंतांचीं घरें उभारतात, हें ऐकून आमचे कित्येक वाचक हंसतील. आम्हीही प्रथम हंसलों. परंतु विचारांतीं त्यांत एक बोध सांपडला.

सन १९५६ च्या एप्रिलांत माल्कम मॅक्लीन या अमेरिकन गृहस्थानें अशा ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला जहाजानें धाडल्या. पुढें ही पद्धत जगभर रूढ झाली. नेहमींची मोठी पेटी ४० फूट लांब, पण रुंदीला अवघी ८ फूट. उष्णता अडविणारें अस्तर आंतून लावलें, कीं ती सातांवर येते. अशा बोळांत दिवाणखाना कसा व्हावा? भिंत कापावी, तर दुसरी अडचण. वरच्या पेटीचा भार कोपऱ्यांचे चार खांब वाहतात खरे. परंतु चौकट ताठ राखतात त्या पन्हळी भिंतीच. त्या कापल्या, कीं नवें पोलाद जोडावें लागतें आणि काटकसर बुडते.

ॲडम काल्किन या वास्तुशिल्पज्ञानें सन २००३ च्या सुमारास अमेरिकेच्या मेन राज्यांत बारा पेट्यांचें घर रचलें, त्यांत याचें मार्मिक उत्तर आहे. पेट्या दोन बाजूंस ठेवून मधली जागा त्यानें छपराखालीं घेतली व कांचेच्या भिंतींनीं उजळविली. तेंच घराचें मुख्य दालन.

आमच्या जुन्या वाड्यांतही खोल्या अंधाऱ्या व लहानच असत. कुटुंब जमे तें चौकांत नि ओसरीवर. घराचें मोठेपण सर्वांच्या सामाईक जागेंत असतें. नवें घर बांधणाऱ्यांनीं आधीं ती आंखावी, मग आपापल्या खोल्या.