थंडीची मरगळ आणि भुलीचं औषध

माळव्यात हिवाळ्यामुळे कुणाला उदास वाटतं असं सांगितलं तर लोक हसतील. आपण वर्षभर ज्याची वाट बघतो तो हाच मोसम. इंदूरच्या सराफ्यात गराडू तळायला लागतात, देवासला माताजीच्या टेकडीवर सकाळच्या फेरीला गर्दी वाढते, धारची मंडळी पाहुण्यांना घेऊन मांडूला निघतात. (मांडूची खरी मजा पावसाळ्यात, पण पाहुण्यांना सुट्टी डिसेंबरात मिळते, काय करणार!) दुपारी गच्चीवर चटई टाकून ऊन खात बसणं हा आपल्याकडे आळस समजला जात नाही.

पण आता आपल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी अशा गावी राहतं, जिथे हे ऊनच नाही. माझी एक मावसबहीण देवासची, सध्या मिनियापोलिसला. माझ्यासारखीच सॉफ्टवेअरमध्ये. २१ डिसेंबरला देवासचा दिवस जवळपास पावणेअकरा तासांचा असतो, तिच्याकडे पावणेनऊ. आकडा फार वेगळा वाटत नाही, पण ती अंधारात ऑफिसला निघते, अंधारात परत येते, आणि मधला सगळा उजेड काचेपलीकडे राहतो. गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीच्या दिवशी बारा-बारा तास झोपायची, गोड आणि ब्रेडशिवाय काही खावंसं वाटायचं नाही, आणि फेब्रुवारीत एक वेळ अशी आली की तिने घरी फोन करणंच बंद केलं. मावशीला वाटलं, कामात असेल. यंदा ऑक्टोबरात तिने मला विचारलं, "दादा, इथे केटामिनच्या जाहिराती येतात. व्हिडिओ कॉलवर बोलायचं, गोळ्या घरपोच. घेऊन बघू का?"

मी डॉक्टर नाही, बी.ई. आहे. पण बहिणीने विचारलं तर "मला काय माहीत" म्हणून सुटता येत नाही. म्हणून चार रात्री बसून वाचलं. हे सदर त्याचंच.

पहिली गोष्ट, हे दुखणं खरं आहे. त्याला नाव मिळालं १९८४ साली. नाव देणारे डॉ. नॉर्मन रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेचे. १९७६ मध्ये जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात आपली कामाची उमेद गळून गेल्याचं त्यांना जाणवलं. म्हणजे आपल्या मुलांसारखेच, उन्हाच्या देशातून गेलेले. त्यांच्या आधी हर्ब कर्न नावाच्या एका इंजिनिअरने स्वतःच्या मनःस्थितीच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या आणि तो त्या घेऊन डॉक्टरांकडे गेला होता. दर हिवाळ्यात खाली, दर वसंतात वर. आम्ही सर्व्हरचे लॉग बघून बिघाड शोधतो, त्याने स्वतःचा लॉग ठेवला! मला तो माणूस फार आवडला.

या हिवाळी नैराश्याची खूण थोडी उलटी असते. एरवीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते. इथे झोप वाढते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ वाढते, वजन वाढतं. त्यामुळे घरच्यांना तो आळस वाटतो. "सुस्तावली आहेस, जरा हातपाय हलव" हा सल्ला आपण प्रेमानेच देतो, पण ऐकणाऱ्याला तो आरोपासारखा लागतो.

दुसरी गोष्ट, यावर चांगले उपाय आहेत आणि ते केटामिनच्या बरेच आधी येतात. सगळ्यात साधा म्हणजे उजेड. ऑफिसात आपल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. उपचाराचा दिवा १०,००० लक्सचा असतो, आणि सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं असतं. (माळव्यात डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी गच्चीवर ५०,००० लक्सच्या वर सहज जातं, तेही फुकट.) कॅनडात ९६ रुग्णांवर एक चाचणी झाली, २००६ मध्ये तिचे निकाल आले. निम्म्यांना खरा दिवा आणि खोटी गोळी, निम्म्यांना खोटा दिवा आणि फ्लुओक्सेटिन. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना फायदा झालेला होता. दिव्याची गंमत करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या अभ्यासात दोन हिवाळ्यांनंतर बघितलं, तर दिवा घेतलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना त्रास परतला होता, समुपदेशन घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. आणि ब्युप्रोपिऑन नावाची गोळी तर तिथे २००६ पासून खास यासाठीच मान्य आहे, ती शरद ऋतूतच सुरू करतात, त्रास व्हायच्या आधी.

दिवासुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. डोळ्यांचा आजार असेल, किंवा घरात कुणाला कधी उदासी तर कधी अति उत्साह असा बायपोलर आजार असेल, तर आधी सांगायला हवं.

आता केटामिन. हे मुळात भुलीचं औषध. १९६२ साली अमेरिकेत तयार झालं, १९७० मध्ये तिथे मान्यता मिळाली. श्वास फारसा मंदावत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत, म्हणून जगभरच्या छोट्या, ग्रामीण दवाखान्यांत ते देवासारखं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २००० साली येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत ते नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं. एरवीच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. इथे काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत फरक दिसला. मानसोपचारात असं क्वचित घडतं. जे लोक जगण्याला कंटाळून टोकाला आलेले असतात त्यांच्यासाठी काही तास आणि काही आठवडे यांत केवढा फरक आहे, हे सांगायला नको.

पण एका वेळच्या औषधाचा परिणाम बहुधा काही दिवसांत, आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. पुन्हा घ्यावं लागतं. पुन्हा पुन्हा घेतलं तर सवय लागू शकते, मूत्राशयाला इजा होऊ शकते. घेतल्यावर रक्तदाब चढतो, आपण आपल्या शरीरापासून वेगळे झालो आहोत असं काही वेळ वाटतं. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने त्याचंच भावंड असलेलं एस्केटामिन नाकातल्या फवाऱ्याच्या रूपात मान्य केलं, तेव्हा अट घातली: दवाखान्यातच घ्यायचं, आणि नंतर निदान दोन तास देखरेखीखाली बसायचं. मान्यता कशासाठी? किमान दोन औषधं नीट घेऊनही न हटलेल्या नैराश्यासाठी, आणि पुढे आत्महत्येचे विचार येणाऱ्या तीव्र नैराश्यासाठी. हिवाळी मरगळीसाठी नव्हे. आणि घरपोच येणारं साधं केटामिन? ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिला की कुठल्याही मानसिक आजारासाठी ते मान्य केलेलं नाही आणि देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे. त्याच महिन्यात 'फ्रेंड्स'मधला मॅथ्यू पेरी गेला, केटामिनच्याच परिणामाने. तो रीतसर उपचारही घेत होता, पण जीव घेणारं औषध त्या उपचारातलं नव्हतं, बाहेरून मिळवलेलं होतं.

हे वाचताना मला आपल्या देवासचीच गोष्ट आठवत राहिली. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले ते कोरड्या हवेसाठी. तेव्हाचा उपचार तोच: हवा, विश्रांती, गाणं बंद. काही वर्षं ते गायले नाहीत, टेकडीच्या पायथ्याशी पडून माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. मग स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, आणि १९५० च्या दशकात ते पुन्हा गायला लागले, एक फुफ्फुस जवळपास निकामी असताना. आपल्याकडे ही गोष्ट "माळव्याच्या हवेने बरे झाले" अशी सांगतात. हवेने साथ दिली हे खरंच, पण औषधाचं नाव गाळू नये. आणि त्या औषधाचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडात १९४८ साली त्याच्या गाजलेल्या चाचणीचे निकाल आले तेव्हा सुरुवातीला रुग्ण झपाट्याने सुधारलेले दिसले, पण एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू काही महिन्यांत जुमानेनासे झाले. सोबत दुसरं औषध जोडलं तेव्हा कुठे ते टिकलं. केटामिनच्या बाबतीत जंतूंचा संबंध नाही, तरी नव्या औषधाच्या पहिल्या चमत्काराकडे बघताना मला ही जुनी गोष्ट उपयोगी वाटते.

बहिणीला मी एवढंच लिहिलं: आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग दिवा आणि बाकीचं ते सांगतील तसं, आणि त्यांनीच कधी केटामिनचं नाव काढलं तर घाबरू नकोस, पण दवाखान्यात. पोस्टाने नाही. आणि मावशीला सांग. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. "आई लगेच म्हणेल, परत ये, नाहीतर लग्न कर." मावशी म्हणाली दुसरंच. म्हणाली, "तुझे आजोबा श्रावणात दोन-दोन महिने कुणाशी बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे." पावसाळ्यातल्या त्या काळोख्या दिवसांकडे आमच्या घरात कुणी कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. ते नक्की काय होतं हे आता कोण सांगणार, पण घरात असं काही होऊन गेलंय हे तिच्या डॉक्टरांना कळणं गरजेचं होतं, आणि ते आता कळलंय.

इथे राहणाऱ्यांसाठीही थोडं. भारतात केटामिन २०१३ च्या अखेरीपासून सर्वांत कडक औषधांच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. कुणी व्हॉट्सॲपवर "मागवून देतो" म्हणालं तर समजून घ्या. पण आपली खरी अडचण औषध फार सहज मिळण्याची नाहीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्यासारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना काहीच उपचार मिळत नसल्याचं आढळलं, आणि त्या सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. आणि माझ्या वयाच्या ज्यांची अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रपाळी चालते, पडदे ओढून दिवसा झोपतात, त्यांनी आपल्या अंगावर आठवड्यात किती ऊन पडतं ते एकदा मोजावं. इंदूरमध्ये राहून मिनियापोलिसचा हिवाळा जगणारे मला चार-पाच जण तरी माहीत आहेत.

सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. अमेरिका आणि कॅनडात असलेल्यांसाठी ९८८. दोन्ही नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, आणि परदेशातल्या मुलामुलींना पाठवा.