बर्फातली शर्यत आणि एस.टी.ची घंटी

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून घरी आलो की आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखांना खुणा होतात. 25 डिसेंबर मनुस्मृती दहन दिन, 1 जानेवारी भीमा कोरेगाव, 3 जानेवारी सावित्रीमाईंची जयंती, 14 जानेवारी नामविस्तार दिन. यंदा शेजारच्या मुलाने त्यात स्वतःची एक खूण वाढवली. जानेवारीच्या उत्तरार्धात होणारी माँटे कार्लो मोटार रॅली!

मुलगा दहावी पास, गॅरेजात कामाला. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. गेल्या वर्षी मोटारसायकल दामटताना हा मुलगा वळणावर घसरला, हात मोडला आणि दीड महिना घरी बसला. पगार थांबला, आईला बचत गटातून कर्ज काढावे लागले. त्यामुळे रॅलीचे नाव काढताच वडील भडकले. "श्रीमंतांचे चोचले बघून हा पुन्हा हातपाय मोडून घेणार," असे म्हणत ते आमच्याकडे आले. मागोमाग मुलगाही आला. आम्ही म्हणालो, "दादा, आधी त्याचे ऐकून तर घेऊ."

मुलाने सांगायला सुरुवात केली. ही रॅली 1911 साली सुरू झाली. फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या घाटांतून गाड्या धावतात आणि शेवट मोनॅकोत होतो. थंडी अशी की एकाच घाटात खाली कोरडा रस्ता, मध्ये ओला आणि वर सावलीच्या वळणावर काचेसारखा बर्फ. तुरिनीची खिंड तर 1607 मीटर उंचीवर. बर्फासाठी खिळ्यांचे टायर लावले तर कोरड्या रस्त्यावर वेळ जातो आणि साधे लावले तर बर्फावर गाडी घसरते. टायर कोणते लावायचे, यावरच निम्मी शर्यत ठरते.

"मग चालवणारा डोळे मिटून पळवतो काय?" वडिलांनी विचारले.

"नाही बाबा. त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसतो. शर्यतीआधी दोघे त्या रस्त्यावरून हळू जाऊन प्रत्येक वळण वहीत टिपतात. शर्यतीत शेजारचा ती वही वाचत जातो आणि चालवणारा त्याच्या आवाजावर गाडी वळवतो. शिवाय काही तास आधी त्यांची माणसे जाऊन कुठे बर्फ धरला आहे ते बघून येतात आणि वहीत दुरुस्ती होते."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा तर आमचा कंडक्टर! त्याची घंटी वाजल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. मागे घेताना तो खाली उतरून शिटी मारायचा, तेव्हाच मी रिव्हर्स टाकायचो."

त्या एका वाक्याने घरातली हवा बदलली. मुलाने मग आणखी सांगितले. 2022 साली ही रॅली जिंकणाऱ्या सेबास्तियन लोब यांच्या शेजारी इझाबेल गाल्मिश नावाच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्या व्यवसायाने गणिताच्या शिक्षिका. आणि लोब स्वतः शर्यतीत येण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनचे काम करीत. हे ऐकताना आत चहा ठेवणारी मुलाची बहीण दारात येऊन उभी राहिली, हे आम्ही पाहिले.

आम्हांला यात सर्वांत जास्त पटली ती नियमाची गोष्ट. एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना हे शर्यतवाले साध्या रस्त्याने, इतर वाहनांबरोबर, वाहतुकीचे नियम पाळून जातात. ठरलेल्या ठिकाणी उशिरा पोहोचले तर दंड आणि लवकर पोहोचले तरी दंडच! वेग फक्त त्याच्या जागी. बघणाऱ्यांवरही जबाबदारी असते. 2005 साली तुरिनीला प्रेक्षकांनी गंमत म्हणून रस्त्यावर बर्फ टाकला, पेटर सोल्बर्ग यांची गाडी घसरून भिंतीवर आदळली आणि ते शर्यतीतून बाद झाले. बघणाऱ्यांची गंमत दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

वाचक बंधू-भगिनींनो, तथागतांनी ज्याला अप्रमाद म्हटले, ती सावधानता हीच नव्हे काय? धम्मपदात त्यावर एक पूर्ण वर्ग आहे. 31 डिसेंबरच्या रात्री आपल्याही वस्तीतली पोरे पिऊन गाड्या पळवतात. पाचवे शील विहारात म्हणायचे आणि हमरस्त्यावर विसरायचे, असे चालणार नाही. मुलाला आम्ही स्पष्ट विचारले, "गेल्या वर्षी तू पडलास तेव्हा डोक्यावर हेल्मेट होते काय? ते वळण तू आधी पाहिले होतेस काय?" त्याने मान खाली घातली.

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याला चालक व्हायचेच नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये मोजक्या मिनिटांत मोडलेली गाडी उभी करणारे कारागीर त्याला भुरळ घालतात. येत्या जूनमध्ये आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अर्ज भरावा असे त्याच्या मनात आहे, पण शिकायचे तर गॅरेजचा पगार बुडेल आणि गटाचे कर्ज अजून फिटलेले नाही. ते सांगायला तो घाबरत होता, म्हणून रॅलीचे सांगत होता.

वडिलांनी लगेच हो म्हटले नाही. आईने हिशेबाची वही काढली. कर्जाचे किती हप्ते उरले, सुट्टीच्या दिवशी गॅरेजात काम मिळेल काय, हे तिघे मोजत बसले. ठरायला वेळ लागेल. बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्याची किंमत गरिबाच्या घरात अशी हप्त्याहप्त्याने मोजावी लागते. पण मोजायला घर एकत्र बसले, हे आम्हांला मोठे वाटते.

जानेवारीत रॅली सुरू होईल तेव्हा मोबाईल मध्ये ठेवून सगळे आमच्याकडेच बघणार आहोत. वडील म्हणाले, "मी येतो. त्यांचे घाट बघू, आमच्यासारखे आहेत काय ते." मुलाला एकच अट घातली आहे. येताना चार पावलांचे अंतर असले तरी गाडीवर आलास तर हेल्मेट घालून ये.

आपल्याही घरातले पोरगे एखाद्या परक्या खेळात डोके घालून बसले असेल, तर ओरडण्याआधी एकदा शेजारी बसा आणि काय बघतोस ते विचारा.

जयभीम!