परदेशातील चालक आणि मायदेशीचा परवाना

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथून परदेशी गेलेल्या पिढीच्या कपाटात पासपोर्टाशेजारी आणखी एक कागद पडलेला असतो. सरकारी भाषेत ती 'अनुज्ञप्ती', लोकांच्या तोंडी 'लायसन'. परदेशी स्थिरावलेल्याला त्याचा उपयोग उरला नाही असे वाटते. ब्रिटनमध्ये हा परवाना बारा महिने व जर्मनीत सहा महिने चालतो. पुढे तिकडचीच परीक्षा देणे भाग पडते. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मायदेशीचा परवाना विस्मृतीत जातो आणि मुदत केव्हा संपली हे घरात कोणाच्याच ध्यानी राहत नाही.

वस्तुतः हाच काळ त्या पिढीच्या दृष्टीने धोक्याचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी खासगी वाहनाचा परवाना वीस वर्षे अथवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालत असे. संगणक-उद्योगाच्या भरतीच्या दिवसांत, म्हणजे २००४ च्या सुमारास, अंधेरीच्या वा वडाळ्याच्या कार्यालयात परवाना काढून विमानात बसलेल्यांची मुदत २०२४ च्या आसपास संपली. मुदतीनंतर चाचणीविना नूतनीकरण करून घेण्याची पाच वर्षांची सवडही त्याच दुरुस्तीने एका वर्षावर आणली. दोन वर्षांतून एकदा तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्याला हे एक वर्ष कसे पुरावे?

अशा रजेत वडिलांची मोटार घेऊन मुलगा गणपतीला कोकणात निघतो. दुर्दैवाने अपघात घडला, तर प्रश्न केवळ दंडाचा राहत नाही. स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली घालून दिलेल्या चौकटीनुसार विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि अटींचा भंग सिद्ध झाल्यास ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग खुला आहे. वाहनमालक म्हणजे येथे निवृत्तिवेतनावर जगणारे वडील! डॉलरमध्ये मिळवणाऱ्या मुलाच्या विसरभोळेपणाची किंमत रुपयांत, आणि तीही भलत्याच्या खिशातून चुकती होते.

अर्थात दृष्टी व प्रकृती तपासल्याविना नूतनीकरण व्हावे, असे कोणीही म्हणणार नाही. चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र मागणे योग्यच आहे. परंतु कौशल्याचा पुरावा पुन्हा मागण्याचे कारण काय? परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला परवाना जवळ असणाऱ्यास चाचणीतून सूट देण्याचे तत्त्व १९८८ च्या कायद्याच्या नवव्या कलमानेच मान्य केले आहे. मग उरते ती फक्त आरोग्याची खात्री, आणि ती दूतावासाने नेमून दिलेल्या डॉक्टरकरवी होऊ शकते.

याला पूर्वदाखलाही आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची मुदत परदेशात संपली, तर भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये केली. नवा परवाना तिकडच्या पत्त्यावर धाडण्याचीही तरतूद झाली. मात्र हा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ भारतीय परवान्याच्या आधारावरच उभा असतो. फांदीला दूतावासात पाणी मिळावे आणि मुळाला मात्र अंधेरीच्या खिडकीपर्यंत यावे लागावे, ही विसंगती आहे. केंद्राने २०२१ ची सवलत मूळ परवान्यापर्यंत वाढवावी. तोपर्यंत एक सोय हाताशी आहेच : मुदतीच्या आधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ती तारीख मुलाच्या नव्हे, तर आईवडिलांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली बरी.