‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका. विसरण्यामागे आजार असू शकतो

दावं कुठं ठेवलं हे विसरणं वेगळं आणि चाळीस वर्षांची शेताची वाट चुकणं वेगळं. दुसरी गोष्ट डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची खूण असू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार आहे. खेड्यात आणि महिलांमध्ये प्रमाण जास्त आहे.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब चुकणं, जेवूनही ‘जेवायला दिलं नाही’ म्हणणं, या खुणा घरात भांडण म्हणून दिसतात. आळ येतो सुनेवर आणि तपासणी राहून जाते. बी-१२ची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्यामुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, पण औषधं आणि ठरलेल्या दिनक्रमाने त्रास कमी होतो.

सांभाळणारी केंद्रं बहुतेक मोठ्या शहरांत आणि खर्चिक. निवडताना रात्री माणूस असतो का, कधीही भेटू देतात का, हे आधी बघावं. घरीच ठेवायचं तर भावाबहिणींनी पाळी लावावी, खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवावी. सल्ल्यासाठी एल्डरलाइन १४५६७, टेलिमानस १४४१६.