वसईच्या गावांना महापालिका का नको होती?

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली आणि अनेक गावांनी विरोध सुरू केला. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळली, मग प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये ती पुन्हा महापालिकेत घेतली गेली.

विरोध फक्त घरपट्टीला होता का? नाही. महापालिका आली की ग्रामसभा संपते. मग वाड्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहताना गावाला कोण विचारणार, ही खरी भीती.

दुसरीकडे, पाणी, रस्ते, कचरा ग्रामपंचायतीला झेपत नाही, असं म्हणणारे रहिवासीही आहेत.

दोघांचंही बरोबर असू शकतं. पण पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी इथली बावखलं बुजली, तर नळ येईल आणि विहीर जाईल. म्हणून महापालिकेला विचारायचा पहिला प्रश्न: बावखलं राखणार का?