दुरून येणारा पाठ आणि घरातील भाषा

समुद्रापलीकडे वसलेल्या समाजाची भाषा कशाने टिकते? या प्रश्नाचे उत्तर गिरमिटावर गेलेल्या पूर्वजांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांत राबावयास गेलेल्या बहुतेकांजवळ ना ग्रंथ होते, ना शाळा. ओवी, अभंग, आरती यांच्या रूपाने भाषा मुखातून कानात आणि कानातून हृदयात उतरली. परंतु ज्या बालकाला ऐकूच येत नाही, त्याने या वारशातील वाटा कोणाजवळ मागावा?

हा प्रश्न आज पोटासाठी परदेशी गेलेल्या नव्या पिढीपुढेही उभा आहे. बहरैनमधील सित्रा बेट तेलाच्या कोठारांसाठी आणि कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एखाद्या मराठी कुटुंबात कर्णबधिर मूल असले, तर त्याला मराठीतून बोलावयास शिकविणारा तज्ज्ञ शेजारी कोठून मिळणार? तो मुंबईत मिळतो. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या कार्याला वाहिलेली आहे. सुदैवाने अंतराचा अडसर आता उरलेला नाही. सित्राच्या दक्षिणेस, रास अबू जर्जूर येथे, १९६९ सालीच उपग्रहाशी संधान बांधणारे भूकेंद्र उभे राहिले. आज तर हातातील फोनवर गुरूची मुद्रा दिसते. मुंबईत साडेचार वाजले म्हणजे सित्रा बेटावर दोन वाजतात, एवढाच काय तो दुरावा!

तथापि यंत्र आणले की कर्तव्य संपले, असे मानणे भ्रामक होय. पडद्यावरील अर्ध्या तासाने मुलाला भाषा येत नाही. उरलेल्या वेळात घरातील माणसे काय करतात, यावरच सर्व अवलंबून असते. आणि भाषा ग्रहण करण्याची पहिली काही वर्षे एकदा निसटली की त्यांची भरपाई होणे फार कठीण. हे मर्म लुईस ट्रेसी या मातेने ओळखले होते. तिचा पुत्र कर्णबधिर होता. १९४२ साली तिने अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे संस्था काढली आणि लवकरच टपालाने पाठ धाडण्यास आरंभ केला. ते पाठ मुलांसाठी नव्हते, आईबापांसाठी होते! टपालाची जागा दूरसंचाराने घेतली, तरी तत्त्व तेच आहे.

खुणांच्या भाषेलाही हेच लागू पडते. ६ डिसेंबर २०२४ रोजी भारतीय सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्या योजनेची ३१ क्रमांकाची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, हे खचितच अभिनंदनीय आहे. परंतु खुणा देशोदेशी निराळ्या असतात. मूल जेथे वाढते तेथील खुणा त्याला प्रथम हव्यात. आणि त्या आजीने, काकाने, भावंडांनी शिकून घेतल्या नाहीत, तर त्याने बोलावे तरी कोणाशी?

सांस्कृतिक मंडळांचे कार्य येथेच आहे. उत्सवासाठी मंडप उभारणाऱ्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ, एक खोली आणि एक पडदा अशा कुटुंबांसाठी राखून ठेवावा, आणि दूरच्या गुरूसमोर बालकासह सारे घर बसवावे. आरतीच्या वेळी इतरांच्या टाळ्यांकडे नुसते पाहत राहणारे मूल ज्या दिवशी अर्थ जाणून हात जोडील, त्या दिवशी पूर्वजांची भाषा खऱ्या अर्थाने जपली गेली, असे म्हणता येईल.