दोन सेकंद, छोटू!

रविवारी सकाळी साडेसहाला मी झोपलेली असते, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेले दोन महिने त्या वेळी मी बाणेरच्या एका रिकाम्या रस्त्यावर, माझ्याच गाडीत डावीकडच्या सीटवर, एक हात हँडब्रेकवर ठेवून बसलेली असते. गाडीला पुढेमागे लाल ‘एल’. छोटू गाडी शिकतोय!

छोटू म्हणजे माझा मावसभाऊ. उंची पाच फूट अकरा इंच, वय १८, दाढी ट्रिम करतो, तरी घरात छोटूच. सातवीत असताना डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं. तोपर्यंत शाळेत आणि घरी त्याने एकच वाक्य हजार वेळा ऐकलं होतं, ‘‘लक्ष कुठे असतं रे तुझं?’’ मावशीने ही गोष्ट नातेवाइकांना कळू दिली नाही. मलाही कळली ती त्याचं लर्निंग लायसन्स आल्यावर. ‘‘क्लास लावला होता, पण ते सर फार ओरडतात गं त्याच्यावर. तूच शिकव ना.’’

तो १८ पूर्ण होईपर्यंत मावशीने गाडीच्या किल्ल्या कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. बरंच केलं म्हणा. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता मी पडले आयटीवाली. शिकवायच्या आधी वाचून काढणं आलंच. एडीएचडीवाल्यांकडे लक्ष असतं, भरपूर असतं, फक्त त्याचा रिमोट दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो, असं माझं आपलं साधं भाषांतर. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की अशा तरुण ड्रायव्हर्सचा पहिला अपघात होण्याचा धोका इतरांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त असतो. हा आकडा मी मावशीला सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

पण त्याच वाचनात एक भारी गोष्ट सापडली. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एडीएचडी असलेल्या १६ ते १९ वयाच्या १५२ मुलांवर एक प्रयोग झाला. २०२२ मध्ये तो छापून आला. निम्म्या मुलांना सिम्युलेटरवर बसवून नजर आवरायला शिकवलं. रस्त्यावरून नजर हटून दोन सेकंद झाले, की अलार्म! मग वर्षभर मुलांच्या खऱ्या गाड्यांत कॅमेरे. गाडीला जोरात झटका बसला अशा प्रसंगांपैकी टक्कर किंवा थोडक्यात टळलेली टक्कर शिकलेल्या मुलांत ३.४ टक्के निघाली, बाकीच्यांत ५.६.

दोन सेकंद म्हणजे किती हो? ताशी ४० च्या स्पीडला २२ मीटर. जवळजवळ दोन पीएमपीच्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, डोळे मिटून!

सिम्युलेटर आपल्याकडे कुठून येणार? म्हणून अलार्म मीच. छोटूची नजर दुकानाच्या पाटीवर गेली, की मी ‘‘एक... दोन!’’ म्हणून ओरडते. बाकीचे नियमही घरगुतीच आहेत. फोन बंद करून डिकीत. गाणी नाहीत. एका वेळी २० मिनिटं, तोच रस्ता. आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. हे बोलणं त्याला जाम आवडलं, क्रिकेटची कॉमेंट्री करत असल्यासारखा सुटतो. गाडी मॅन्युअल आहे, तेही बरंच म्हणायचं. २००६ च्या एका अगदी छोट्या अभ्यासात, म्हणजे फक्त दहा मुलांच्या, गिअर टाकायला लागले तर अशा मुलांचं लक्ष जास्त टिकतं असं दिसलं होतं. क्लच सोडताना माझी गाडी जे आचके देते, त्यात मी हेच आठवून मन शांत ठेवते.

तिसऱ्या रविवारी मात्र माझं मन शांत नव्हतं. निघायलाच साडेआठ झाले, ट्रॅफिक सुरू झालेलं. एका होर्डिंगवर नवा मोबाइल झळकत होता. मी ‘‘दोन’’ म्हणेपर्यंत समोर स्कूटीवरच्या काकू! मी हँडब्रेक खेचला. आमच्यात हातभर अंतर उरलं असेल. काकूंनी मागे वळून जे पाहिलं, ते अजून आठवतं.

गाडी कडेला लावली. छोटूचे हात थरथरत होते. ते जुनं वाक्य माझ्याही जिभेवर आलेलंच होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, ‘‘ताई, मी मुद्दाम नाही करत गं. मला त्या खरंच दिसल्याच नाहीत.’’

पोहे खाताना कळलं, की रविवारी तो गोळी घेतच नाही. सुट्टीच्या दिवशी गोळीलाही सुट्टी! कॉलेज नाही, तर कशाला, असा घरचा हिशोब. अमेरिकेतल्या २३ लाख रुग्णांच्या नोंदींत, औषध चालू असलेल्या महिन्यांत त्याच माणसांचे अपघात कमी दिसले होते, हेही २०१७ चंच. पण असले निर्णय गुगलवाल्या ताईने घ्यायचे नसतात. त्याच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रविवारचं आणि वेळेचं गणित नव्याने बसवून दिलं. मी दोन रविवार गाडी काढली नाही. खरं सांगू, भीती त्याला नव्हती, मला होती.

मध्ये एकदा त्याला कॉलेजला सोडताना सिग्नल सुटला आणि माझा फोन वाजला. मॅनेजर! मी फक्त नाव बघत होते हो. शेजारून आवाज आला, ‘‘एक... दोन... ताई!’’ आता माझाही फोन डिकीत असतो.

गेल्या रविवारी मावशी पहिल्यांदा मागच्या सीटवर बसली. पर्स घट्ट छातीशी. छोटूची कॉमेंट्री चालू, ‘‘डावीकडून रिक्षा, इंडिकेटर नाही, पण वळणार. पुढे कुत्रं, झोपलंय. आजोबा फोनवर बोलतायत, मध्ये येतील... आले. थांबलो.’’ मावशी पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘अगं, हा इतकं सगळं बघतो?’’

‘‘शूऽऽ, मागच्यांनी बोलायचं नाही,’’ छोटू म्हणाला आणि त्याने दुसरा गिअर टाकला.